वेशीपाशी थांबलेली कविता

‘बोळवण’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरून, चोळी-लुगडे आणि शिदोरी देऊन तिला वाटेला लावणे ही बोळवण. आणि हातावर काहीतरी किरकोळ टेकवून किंवा नुसत्या गोड शब्दांवर एखाद्याला परत धाडणे, हीसुद्धा बोळवणच. ‘उजवणे’ या क्रियापदाचेही तसेच आहे. व्रत उजवतात आणि मुलगीही उजवतात. अंगावर घेतलेले एकदाचे यथासांग पार पडले, हा सुस्कारा त्यात ऐकू येतो. मुलग्यासाठी मात्र भाषेने असा शब्द घडवलेला नाही. तो शिकायला जातो, नोकरीला जातो, परदेशी जातो. त्याला कोणी पाठवणी म्हणत नाही.

मुलांना निरोप देणाऱ्या आईबापांची कविता वाचताना हे शब्द मनाशी ठेवावेत असे मला वाटते. ही कविता आपल्याकडे डोळ्यांत पाणी आणणारी म्हणून वाचली जाते, आणि पाणी आले की वाचन संपते. पण अशा प्रत्येक कवितेत एक जागा असते, जिथे आईबाप थांबतात आणि मूल पुढे जाते. वेस असेल, पाणवठा असेल, उंबरठा असेल. ती जागा कोणी ठरवली? तिथे पोचल्यावर कवी आईबापांच्या हातात काय देतो? आणि जाणाऱ्याला तो बोलू देतो का? हे विचारले की एरवी एकसारख्या वाटणाऱ्या कविता एकमेकींपासून बऱ्याच दूर जातात.

आपल्या वाङ्मयातला सर्वांत नावाजलेला निरोप ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकात आहे. कण्व हा संन्यस्त वृत्तीचा ऋषी, शिवाय जन्मदाता नव्हे. रानात पाखरांनी सांभाळलेली पोर त्याने उचलून आणलेली. आपल्यासारख्या अरण्यवासीयाची ही अवस्था, तर संसारी माणसांचे लेकीच्या वियोगाने काय होत असेल, असे तो स्वतःशीच म्हणतो. पण ऋषीने धाय मोकलून रडणे शोभणारे नाही. मग कालिदास रडण्याचे काम वनावर सोपवतो. झाडे तिला रेशमी वस्त्र आणि पायांना लावायला अळिता देतात, हरिणींच्या तोंडातला घास गळतो, मोर नाच थांबवतात, वेली पिकली पाने ढाळतात. तिने ज्याच्या तोंडातली कुशाची जखम तेल लावून बरी केली ते पाडस तिचे वस्त्र ओढू लागते. शाळेत आपण याला चेतनगुणोक्ती म्हणून शिकलो आणि पुढे गेलो. पण इथे हा अलंकार सजावटीसाठी आलेला नाही. बापाला जे करता येत नाही ते दुसऱ्या कोणीतरी करावे लागते, म्हणून तो आला आहे.

मग पाणी येते. प्रिय माणसाला पाण्याच्या काठापर्यंतच पोचवावे असा दंडक आहे, याची आठवण शार्ङ्गरव करून देतो. म्हणजे थांबायची जागा कण्वाने निवडलेली नाही. रूढीने ती आधीच आखून ठेवली आहे आणि शिष्य ती दाखवून देतो. झाडाच्या सावलीत मंडळी थांबतात. बाप राजाला निरोप सांगतो, मुलीला उपदेश करतो: वडीलधाऱ्यांची सेवा कर, सवतींशी मैत्रीने वाग, नवऱ्याने दुखावले तरी रागावून उलट वागू नकोस. हा उपदेश पिढ्यानपिढ्या उतरवून घेतला गेला. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते शकुंतलेचे बोलणे. झोपडीभोवती चरणाऱ्या गाभण हरिणीची सुखरूप सुटका झाली की मला कळवा, असे ती सांगते. ती स्वतः गर्भवती आहे. आपल्याविषयीची सारी भीती तिने हरिणीच्या नावावर ठेवली आहे. आणि मग ती विचारते, हे तपोवन मला पुन्हा कधी दिसेल?

यानंतरच्या दोन श्लोकांकडे एकत्र पाहायला हवे. पहिल्यात कण्व म्हणतो की झोपडीच्या दारात तू नीवाराचा जो बळी घातलास त्याला कोंब फुटलेले मी पाहीन, तेव्हा माझा शोक कसा शमेल? दुसऱ्यात, ती दिसेनाशी झाल्यावर, तो म्हणतो की कन्या हे शेवटी परक्याचेच धन; ठेव ज्याची त्याला परत केल्यावर वाटावे तसे मन आता निर्मळ झाले आहे. दोन्ही उद्गारांत क्षणांचेच अंतर आहे. एकात दुःख दारात उगवणार आहे, दुसऱ्यात हिशेब चुकता झाला आहे. आपल्या समाजाने दुसरा श्लोक पाठ केला. ‘परक्याचे धन’ हे शब्द आजही लग्नघरात सर्रास ऐकू येतात. कोंबांचा श्लोक रसिकांपाशी राहिला.

पण कालिदास स्वतः कण्वाच्या सुस्काऱ्यावर विश्वास ठेवतो का? ठेवत नाही, असे माझे मत आहे. याच अंकाच्या सुरुवातीला दुर्वासाचा शाप पडलेला आहे. सख्यांना तो ठाऊक आहे, प्रेक्षकांना ठाऊक आहे, बापाला नाही. अंगठी अजून बोटात आहे, वाटेत ती पाण्यात पडणार आहे. ज्याची ठेव म्हणून कण्वाने ती परत केली, तो पुढच्या अंकात भर दरबारात ‘ही कोण’ म्हणून विचारणार आहे. आणि सोबत आलेले आश्रमवासी तिला तिथेच टाकून निघणार आहेत. शेवटी तिला उचलून नेते ती मेनका, जन्मतःच जिने तिला टाकले होते ती आई. कण्वाचे समाधान इतक्या अवघड कड्यावर ठेवणारा कवी पाठवणीचा गौरव करत होता असे म्हणणे जड जाते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात इथे एक विलक्षण योगायोग आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तो पहिल्या चार अंकांचाच. म्हणजे संगीत नाटकाच्या त्या पहिल्या रात्री प्रेक्षक घरी गेले ते कण्वाचा निरोप मनात घेऊन. दरबारातला नकार त्यांनी अजून पाहायचा होता. पुढे मराठी पाठवणीगीतही बहुतेक चौथ्या अंकातच थांबले. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर यांचे जे गीत पिढ्यानपिढ्या मांडवामांडवांतून वाजले, त्याची माया खरीच आहे. गाणे उत्तम आहे. पण त्यात पाचव्या अंकाची सावलीसुद्धा नाही.

कण्वाला निदान पाण्याचा काठ होता. बंगालच्या आगमनी आणि विजया गीतांतल्या मेनकेच्या वाट्याला जागा येत नाही, फक्त वेळ येतो. (ही मेनका वेगळी, हिमालयाची राणी, उमेची आई. पण मुलीला मुकलेल्या दोन आयांचे नाव एकच असावे, हे मनात रेंगाळते.) अठराव्या शतकातल्या रामप्रसाद सेनांपासून कमलाकांत भट्टाचार्यांपर्यंत अनेकांनी ही गीते रचली. उमा वर्षातून तीन दिवस माहेरी येते आणि दशमीला कैलासाकडे निघते. आपल्याकडे भाद्रपदात गौरीही तीनच दिवस येते, जेवते आणि जाते, तेव्हा हा हिशेब आपल्याला नवा नाही. मेनकेचे निराळेपण असे की ती भांडते. स्वप्नात मुलगी दिसली म्हणून नवऱ्याला उठवते, तिला आणायला जा म्हणते. तो हलत नाही तेव्हा तू पर्वत म्हणजे दगडच, असे ऐकवते. हा श्लेष शेकडो वेळा आला तरी बोथट होत नाही, कारण दगडाचे काळीज असलेला बाप ऐकणाऱ्या प्रत्येक घरात असतो. जावई भिकारी, अंगाला राख फासतो, स्मशानात राहतो, त्यात डोक्यावर सवत गंगा. हे सारे ती बोलून दाखवते. आणि नवमीच्या रात्रीला विनवते की तू सरू नकोस.

आठ वर्षांच्या वधूला जिथे गौरी म्हणत, त्या समाजात ही गीते घडली हे विसरता येत नाही. देवीच्या नावाआड बसून आईला विचारता येत होते की एवढ्या लहान पोरीला एवढ्या लांब, अशा माणसाला का दिले. धर्माने घातलेल्या चौकटीतच तक्रारीला जागा सापडली. मायकेल मधुसूदन दत्तांनी फ्रान्समधल्या मुक्कामात सुनीते लिहिली, ती १८६६ मध्ये ‘चतुर्दशपदी कवितावली’त आली. त्यांतल्या विजयादशमीवरच्या सुनीतात मेनका त्याच रात्रीशी बोलते. हे लिहिणारा मुलगा धर्मांतर करून आईबापांच्या घरापासून तुटलेला होता. जो स्वतः निघून गेला त्याने थांबून राहिलेल्या आईचा आवाज घ्यावा, याने त्या जुन्या विनवणीचा रंगच पालटतो.

लेकींच्या निरोपाला निदान तिथी होती, वाट होती, गाणे होते. मुलगा घराबाहेर पडतो तेव्हा कवीच्या हाती यातले काहीच नसते, आणि मग तो निसर्गाकडे उपमा मागायला जातो. पिल्लू उडाले, बी वाऱ्यावर गेले, बाण सुटला. खलील जिब्रानच्या ‘द प्रॉफेट’मधला (१९२३) धनुष्य-बाणाचा दृष्टान्त आपल्याकडेही अनेकांना तोंडपाठ आहे. आईबाप धनुष्य, मुले बाण, आणि नेम धरणारा परमेश्वर. त्यात आईबापांचा अहंकार वाकवण्याची ताकद आहे, हे मान्य. तरी मला तो दृष्टान्त खटकतो. कुठे जायचे हे बाणाला कोणी विचारत नाही. मुलावरचा आईबापांचा हक्क काढून घेताना जिब्रानने तो मुलाला दिलेला नाही, आणखी वर पाठवून दिला आहे.

सेसिल डे-ल्युईसची ‘वॉकिंग अवे’ ही कविता याच उपमांच्या वाटेने जाते, आणि तरीही बचावते. १९६२ च्या ‘द गेट’ या संग्रहातली ही कविता त्याने शॉन या मुलाला उद्देशून लिहिली. अठरा वर्षांपूर्वीचा शाळेतला दिवस बापाला आठवतो. मैदानावर नव्या पांढऱ्या रेषा आखलेल्या आहेत, पोराचा फुटबॉलचा पहिला सामना संपला आहे, आणि तो बापाकडे न येता इतर मुलांच्या मागोमाग शाळेकडे चालला आहे. बाप रेषेबाहेर उभा. ही इंग्लंडमधली वेस म्हणायची. आता उपमा सुरू होतात. कक्षेतून निखळलेला उपग्रह, पुरते पंख न फुटलेले पिल्लू, देठापासून सुटलेले पंखांचे बी. प्रत्येक उपमा आधीच्या उपमेला पुरी न पडल्यासारखी येते. उपग्रह फारच थंड, पिल्लू फारच केविलवाणे, बी फारच सहज. बापाला नेमके काय दिसले ते अठरा वर्षांनंतरही सांगता येत नाही, आणि या न जमण्यातच कवितेचा जीव आहे. शेवटी तो सुभाषित सांगतो. वाचक तेच उचलतात, शुभेच्छापत्रांवर छापावे असेच ते आहे. पण त्याच्या आधी त्याने स्वतःच कबूल केले आहे की हे ओबडधोबड बोलणे झाले, नीट दाखवणे देवालाच जमेल. ही कबुली नसती तर कविता कण्वाच्या सुस्काऱ्यासारखी सुटकेवर संपली असती.

या कवितेत मुलगा मात्र बोलत नाही. बापाला त्याची पाठच दिसते, आणि पाठमोऱ्या माणसाबद्दल काहीही म्हणता येते. याच्या उलट टोकाला सायमन आर्मिटेजच्या ‘बुक ऑफ मॅचेस’मधली (१९९३) एक कविता आहे, ती मुलाच्याच तोंडून येते. नवे घर घेतले आहे, आई मापे घ्यायला मदतीला आली आहे. टेपचे शून्याचे टोक तिच्या चिमटीत, आणि तो टेप उलगडत खोल्या ओलांडत, जिने चढत माळ्यापर्यंत जातो. नाळ हा शब्द कोणी उच्चारत नाही, उच्चारायची गरजही पडत नाही. आई थांबली आहे हे खरे, पण टोक तिने सोडलेले नाही, आणि ते सुटावे की नाही हे मुलालाही ठरवता येत नाही. घरकामातली एक वस्तू तीन उपमांचे काम करून जाते.

वस्तूंचा विषय निघाला की रवींद्रनाथांची ‘जेते नाहि दिबो’ टाळता येत नाही. ‘सोनार तरी’ (१८९४) मधली ही दीर्घ कविता आपल्या विषयाची उलटी बाजू आहे: इथे मूल जात नाही, बाप जातो. पूजेची सुट्टी संपली, गडीमाणूस नोकरीच्या गावी परत निघाला. बायको भरून देते आहे, आणि कवी त्या भरून देण्याची यादीच मांडतो. भांडी, बिछाने, डाळी, तेल, गूळ, नारळ, औषधे. यादी वाढत जाते तशी गंमत वाटते, आणि मग लक्षात येते की ‘जाऊ नका’ हे सांगायला त्या बाईपाशी याखेरीज दुसरी भाषाच नाही. परगावी नोकरी केलेल्या कोणालाही डब्यांचे हे वजन माहीत आहे. पुण्याहून भोपाळला आणि नागपूरहून बंगळुरूला जाणाऱ्या पिशव्यांत आजही तेच असते. दाराशी चार वर्षांची मुलगी बसलेली. ती एकच वाक्य बोलते: मी तुला जाऊ देणार नाही. विनंती नाही, रडणे नाही. हक्काने सांगितलेला निर्णय. बाप अर्थातच जातो. पुढे कवितेत तेच वाक्य सगळी धरित्री गवताच्या पात्याला उद्देशून म्हणू लागते, आणि तिचेही कोणी ऐकत नाही. हा विस्तार मला थोडा लांबलेला वाटतो. पण त्या मुलीच्या वाक्यापुढे ‘जाऊ देणे हेच प्रेम’ ही आपल्याला फार लवकर पटणारी समजूत डळमळते. जाऊ न देणे हेही प्रेमच आहे आणि ते हरणार आहे, एवढेच रवींद्रनाथ सांगतात.

आता जात्यापाशी यायला हवे, कारण पाठवणीची सर्वांत पूर्ण कविता माझ्या मते तिथे आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबर यांचे संकलन आणि हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या, एवढा हा साठा आहे. कण्व कधी सासरी गेला नव्हता. डे-ल्युईस त्या क्षणी रेषेबाहेर होता, रेषेआत नव्हता. जात्यावर बसलेली बाई मात्र दोन्हीकडून येते. ती लेक म्हणून एकदा वेस ओलांडून आलेली आहे, आणि आई म्हणून लेकीला त्याच वेशीपर्यंत पोचवून परतणार आहे. त्यामुळे ‘लेक दूर दिली’ असे ती गाते तेव्हा देणारी कोण आणि दिली गेलेली कोण हे पुष्कळदा वेगळे काढता येत नाही. बापाला दोष दिला जातो, मधल्या नदीला, घाटाला दिला जातो. तो कोणत्या पिढीच्या बापाला, हे ओवी सांगत नाही. ओवी दोन ओळींची, तिला पसरायला वाव नाही. म्हणून तिथे उपमाही साध्या, आणि थांबायची जागा ठरलेली: शीव, गावकूस, वळणावरचे झाड. मूल दिसेनासे होते, आणि आईला परत फिरून दळण पुरे करायचे असते. हात थांबत नाहीत. कण्वाच्या अंगणात उगवणारे कोंब तिच्याकडे रोजच्या पिठात असतात, असे म्हणायला हरकत नाही.

याच भूमीतून बहिणाबाई चौधरी आल्या. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. त्यांतल्या एका कवितेत माहेराचे गोडवे गाणाऱ्या सासुरवाशिणीला एक योगी विचारतो, माहेर एवढे चांगले तर सासरी आलीस कशाला? तिचे उत्तर सगळ्या मराठी घरांना माहीत आहे. आपल्या लेकीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी नांदते, असा त्याचा आशय. वरवर पाहता हे सहनशीलतेचे कौतुक वाटते आणि तसे ते पुष्कळदा वापरलेही जाते. पण प्रश्न विचारणारा कोण आहे ते बघावे: संसार सोडलेला, कण्वाच्या जातकुळीचा पुरुष. त्याला ठेव आणि परतफेड कळते. बाई त्याला सांगते की इथे परतफेड होतच नाही. एकीने घर सोडले म्हणून दुसरीला घर मिळते आणि तिलाही ते सोडावे लागते. उत्तर शांतपणे दिलेले आहे, पण ते ऐकून योगी निरुत्तर होतो हे लक्षात घेतले पाहिजे.

आजच्या मध्यमवर्गीय मराठी घरात मुलगा आणि मुलगी दोघेही निघून जातात, बरेचसे स्वतःच्या मर्जीने. थांबायची जागा आता विमानतळाच्या दारावरचा जवान ठरवतो. ज्याच्यापाशी तिकीट नाही त्याने काचेबाहेर राहायचे, आणि आत गेलेल्याची ट्रॉली गर्दीत दिसते तोवर पाहायचे. या वेशीवरची मनाजोगती मराठी कविता मला अजून भेटायची आहे. बरीचशी अजून घरट्यावर आणि पंखांवरच काम भागवतात.

एका लोकप्रिय गाण्यात मात्र जुनी मांडणी खरोखर फिरली आहे. संदीप खरे यांच्या ‘दमलेल्या बाबाची कहाणी’तला बाप रात्री उशिरा घरी येतो, मुलगी झोपलेली असते, आणि तिचे बालपण आपल्या हातून न पाहताच निसटते आहे हे त्याला कळते. इथे बाप आधीच निघून गेलेला आहे, रोज सकाळी, कामावर. शेवटाकडे त्याला तिच्या सासरी जाण्याचा दिवस दिसतो, आणि परंपरेने त्याच्या वाट्याला दिलेले अश्रू तो ढाळत नाही. उंबरठ्यापाशी तिच्या डोळ्यांत आपल्यासाठी पाणी येईल का, एवढेच विचारतो. सभागृहात हे गाणे ऐकताना मोठमोठी माणसे रडतात. पण प्रश्न ज्या मुलीला विचारला आहे ती झोपेत आहे, आणि तिचे उत्तर गाण्यात नाही.